एकशे पस्तिसावं नाव

ऑर्फा टीगार्डनला वाकडा टाका खपत नसे. स्वतःचा नाहीच, दुसरीचाही नाही. मेथडिस्ट चर्चच्या तळघरात बायका गोधडीच्या चौकटीभोवती बसून गप्पा मारत टाके घालायच्या, आणि त्या घरी गेल्या की ऑर्फा मागे राहून अर्ध्याजणींचं काम उसवून पुन्हा घालायची. बायकांना हे ठाऊक होतं. त्या फणकारायच्या, आणि लेकीच्या लग्नाची गोधडी करायची वेळ आली की मुकाट्याने तिच्याच दारात यायच्या. आमच्या डन्सफर्डात, इंडियानातल्या त्या मक्याच्या पट्ट्यात, ऑर्फाच्या हातचं अक्षर नाही असं घर सापडलं नसतं. उशीचे अभ्रे, बाप्तिस्म्याचे झगे, म्हाताऱ्यांच्या खिशातले रुमाल, सगळ्यांवर तिचाच दांडीटाका.

तिचा नवरा एमरी धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी काम करी. गायचा छान, कुणाशी वाकडं बोलायचा नाही. त्यांना एकच मुलगी, इना. पोर हुशार, पण बोलताना अडखळायची. 'म' आला की ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. वर्गातली पोरं तिच्यामागे कोंबडीसारखी माना हलवत फिरत. सहा वर्षांच्या पोरीने बोलणंच टाकलं होतं.

तिला बोलती केली ती डेव्हलिनबाईंनी. अगाथा डेव्हलिन अकरा वर्षं आमच्या शाळेत शिकवत होत्या. उंच, किडकिडीत, आयरिश घरातल्या, कॅथलिक. दर रविवारी विजेच्या ट्रॉलीगाडीने शेजारच्या गावी चर्चला जात, सोमवारी पुन्हा फळ्यासमोर उभ्या. शाळा सुटल्यावर त्या इनाला थांबवून घेत आणि मोठ्याने वाचायला लावत. त्यांचा नियम एकच होता. "अडकलीस तर थांब. श्वास घे. पण सोपा शब्द शोधून पळू नकोस. जो शब्द आहे तोच म्हणायचा." दोन वर्षांनी नाताळच्या कार्यक्रमात इनाने अख्खं पान वाचून दाखवलं. तीनदा अडकली, तीनदा थांबली, एकही शब्द बदलला नाही. ऑर्फा मागच्या बाकावर बसून रुमालात रडली. दुसऱ्या दिवशी तिने बाईंच्या घरी साय-साखरेचा 'पाय' भाजून नेऊन दिला आणि म्हणाली, "बाई, तुमचं काहीही शिवायचं असेल तर माझ्याकडेच यायचं. पैशाचं नाव काढलंत तर बघा."

बाईंनी तिच्याकडून एकच गोष्ट करून घेतली. पांढऱ्या लिननचा एक पट्टा, त्यावर लाल दोऱ्याने तीन अक्षरं: आय, एच, एस. त्यांच्या चर्चमधल्या वेदीवर घालायला हवा होता. ऑर्फाने भरून दिला. अक्षरांचा अर्थ तिने विचारला नाही. तिला अक्षराच्या वळणाशी मतलब.

एकोणीसशे तेवीसच्या वसंतात प्रुइट नावाचा माणूस गावात आला. गुळगुळीत दाढी, करड्या रंगाचा सूट, प्रत्येकाचं नाव दुसऱ्या भेटीत पाठ. तो कू क्लक्स क्लॅनचे सभासद करायला आला होता आणि दर सभासदामागे त्याला वाटा मिळायचा, ही गोष्ट आम्हाला फार नंतर कळली. शेतकरी संघाच्या ग्रेंज हॉलमध्ये त्याने भाषण दिलं. यादवी युद्ध संपल्यावर दक्षिणेतल्या शूर सैनिकांनी आपल्या बायका-पोरींच्या रक्षणासाठी ही संघटना कशी काढली, आणि जॉर्जियातल्या एका डोंगरावर तिचा पुनर्जन्म कसा झाला, हे त्याने रंगवून सांगितलं. खरं काय ते त्या हॉलमधल्या म्हाताऱ्यांना चांगलं माहीत होतं. नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या माणसाने मत द्यायला जाऊ नये म्हणून हे शूर सैनिक चेहऱ्यावर फडकी बांधून त्याच्या झोपडीला आग लावत, त्याला झाडाला टांगत. शेवटी सरकारला सैन्य पाठवून त्यांना मोडावं लागलं. एमरीच्या आजोबांचा एक हात यादवी युद्धात याच दक्षिणी सैनिकांविरुद्ध लढताना चिकामॉगाच्या रणात राहिला होता. आणि त्यांचा नातू हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. माणसाला स्वतःच्या आजोबांचा इतका विसर पडावा, याचा मला अजून राग येतो.

प्रुइटचं म्हणणं थोडक्यात असं, की हा देश गोऱ्या, इथेच जन्मलेल्या प्रोटेस्टंट माणसाचा. बाकीचे पाहुणे, नाहीतर चोर. काळे, ज्यू, इटलीहून बोटीने येणारे, दारू गाळणारे, आणि सगळ्यांच्या मागे दोऱ्या हलवत बसलेला रोममधला पोप. आता गंमत पाहा. डन्सफर्डात काळा माणूस एकही नव्हता, कारण सूर्य मावळायच्या आत त्याने गाव सोडावं अशी पाटी वेशीवर क्लॅन यायच्या वीस वर्षं आधीपासून होती. ती लावायला कुणी प्रुइट लागला नव्हता. आम्ही ती पाटी रंग उडाला की पुन्हा रंगवत असू आणि स्वतःला सज्जन समजत असू. ज्यू दुकानदार एकच, तो पुढच्या वर्षी गाशा गुंडाळून गेला. उरले कॅथलिक. नऊ कुटुंबं आणि शाळेतल्या डेव्हलिनबाई.

एका रविवारी प्रार्थना संपता संपता पांढरे झगे आणि उंच टोकदार टोप्या घातलेले बाराजण चर्चमध्ये शिरले आणि रेव्हरंड लुट्झच्या हातात छपराच्या दुरुस्तीसाठी एक पाकीट ठेवून रांगेत परत फिरले. चेहरे झाकलेले, सगळं कसं गूढ आणि गंभीर. तेवढ्यात स्टूप्सांची व्हर्ना बाकावरून आपल्या नवऱ्याला सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "हॉमर, टोपी सरळ कर, डोळ्यांची भोकं कानाशी गेलीत."

एमरीचा झगा टपालाने आला. घरी शिवायची परवानगी नव्हती, क्लॅनच्या कंपनीकडूनच घ्यायचा. ऑर्फाने तो उलटून पाहिला आणि नाक मुरडलं.

"हे काय कापड आहे? पिठाचं पोतं बरं. आणि हा टाका बघ, आंधळ्याने घातलाय."

"अगं, त्यामागची भावना बघायची," एमरी म्हणाला.

"भावना घोट्याखाली चार बोटं लोंबतेय. उभा राहा, दुमडून देते."

तिने तो दुमडून दिला. पुढे बायकांचीही शाखा निघाली आणि व्हर्ना स्टूप्स तिची प्रमुख झाली, कारण गावात जे काही निघे त्याची ती प्रमुख होई. ऑर्फा शाखेत गेली नाही. तत्त्वाने नव्हे. तिला झगा घालायची लाज वाटली, एवढंच.

पण गोधडीला ती नाही म्हणू शकली नाही. क्लॅनचा स्वतःचा हॉल बांधायचा होता, आणि आमच्याकडे निधी जमवायची जुनी रीत आहे: दहा सेंट द्या, गोधडीवर तुमचं नाव भरलं जाईल, शेवटी गोधडीची सोडत. चर्चसाठी, अग्निशमन बंबासाठी अशा गोधड्या झाल्या होत्या. व्हर्नाने तेच इथे लावलं. ज्या संघटनेत तोंड झाकून जायचं, सभासदाचं नाव फुटलं तर शिक्षा, त्या संघटनेची माणसं स्वतःच्या हाताने कापडावर सही करायला रांग लावून उभी राहिली! गोधडी म्हटली की नाव द्यायचं, हे आमच्या इतकं अंगवळणी पडलेलं की हे विसंगत आहे असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. सही करायला व्हर्नाने टपाल कचेरीतली कॉपिंग पेन्सिल आणली, ती जांभळी, पुसली न जाणारी. लाल चाकांची नक्षी, चाकाच्या आऱ्यांवर नावं. मधलं मोठं चाक प्रुइटसाहेबांच्या सहीसाठी राखून ठेवलं. सहीवरून लाल दोरा भरायचं काम ऑर्फाचं.

चोवीसच्या फेब्रुवारीत तळघरात चौकटीभोवती सहाजणी बसल्या होत्या. व्हर्ना विचारत होती, कॅथलिक लोक ते लॅटिनमध्ये काय पुटपुटतात कोण जाणे. ऑर्फा सुईत दोरा ओवत सहज बोलून गेली, "मी भरलं होतं की डेव्हलिनबाईंना एकदा. तीन अक्षरं. आय, एच, एस."

व्हर्नाचा हात थांबला. "आय, एच, एस? म्हणजे काय?"

"मला काय ठाऊक. सुबक अक्षरं होती."

व्हर्ना क्षणभर छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे 'आय हॅव स्वॉर्न'! अगं बायांनो, 'मी शपथ घेतली आहे'! पोपची शपथ. आणि ही आपली पोरं शिकवते!"

क्लॅनची माणसं एकमेकांना भेटली की 'अयाक' म्हणायची आणि उत्तर यायचं 'अकिया', तू क्लॅनचा आहेस का, आहे मी क्लॅनचा, या इंग्रजी वाक्यांतल्या शब्दांची पहिली अक्षरं जोडून केलेले शब्द. ज्यांच्या साध्या रामरामात कोडं, त्यांना दुसऱ्याच्या अक्षरात कट दिसायचाच. ऑर्फा हसली. तिला वाटलं व्हर्ना थट्टा करतेय. पण बाकीच्या चौघी हसल्या नाहीत, आणि मग ऑर्फाही हसायची थांबली आणि टाका घालू लागली.

आठ दिवसांत ती गोष्ट गावभर झाली. पंधरा दिवसांत लोकांच्या बोलण्यात लिननचा पट्टा शाळेच्या माळ्यावर ठेवलेला होता, महिन्याने त्यात बंदुका गुंडाळलेल्या होत्या. एप्रिलमध्ये शाळा समितीने बैठक बोलावली.

बैठकीच्या आदल्या दुपारी डेव्हलिनबाई ऑर्फाच्या दारात आल्या. ओसरीवर बसल्या, पाणी नको म्हणाल्या.

"टीगार्डनबाई, ती अक्षरं येशूच्या नावाची आहेत. ग्रीक भाषेतली. पहिली तीन. एवढंच."

"हो का."

"तुमच्या चर्चमध्ये ते प्रभुभोजनाचं टेबल आहे ना, ओकचं? त्याच्या कडेवर हीच कोरलेली आहेत. एकदा मी शाळेच्या मुलांना घेऊन आले होते तेव्हा पाहिली."

त्या टेबलावरचं कापड वर्षानुवर्षं ऑर्फाच धूत होती. ओकवरच्या त्या खाचांतली धूळ तिने स्वतः बोटाला फडकं गुंडाळून काढली होती. दोन दिवसांपूर्वी कापड उचलून तिने पाहिलंही होतं. आय, एच, एस. ती खाली कापड सोडून घरी आली होती आणि एमरीलाही बोलली नव्हती.

"मी सांगितलं तर ते माझं ऐकणार नाहीत," बाई म्हणाल्या. "तुमचं ऐकतील. पट्टा तुम्ही भरलाय. एक वाक्य बोला, बस."

"बघते," ऑर्फा म्हणाली.

तिने रात्रभर पाहिलं असेल नसेल, मला माहीत नाही. एमरीची नोकरी कोठारमालकाच्या हातात होती आणि कोठारमालकाची सही गोधडीवर होती. तिची सगळी गिऱ्हाइकं गोधडीवर होती. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली आणि समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "मिसेस टीगार्डन, असा कपडा आहे हे खरं का?"

"हो," ऑर्फा म्हणाली. "मीच भरला."

"धन्यवाद."

ती खाली बसली. बाई तिच्याकडे बघत होत्या. अजून काही येईल म्हणून त्या वाट पाहत राहिल्या. ऑर्फा स्वतःच्या हातमोज्यांकडे पाहत होती. ती खोटं एक अक्षर बोलली नव्हती, आणि तिने आयुष्यात केलेलं सर्वांत वाईट काम तेच होतं. हे माझं मत नाही, पुढे तीस वर्षं ती स्वतःच असं म्हणत आली.

शनिवारच्या ट्रॉलीने डेव्हलिनबाई दोन पेट्या घेऊन गेल्या. इनाने आईला एकदाच विचारलं, "बाई क-क-का गेल्या?" आणि उत्तर न मिळाल्यावर हळूहळू पुन्हा मान हलवून हो-नाही सांगायला लागली.

मग जे उंच उभारलेलं होतं ते कोसळलं. राज्यातला क्लॅनचा सर्वांत मोठा माणूस एका तरुणीच्या मृत्यूप्रकरणी जन्मठेपेवर गेला. बायका-पोरींच्या रक्षणाची आरोळी देणाऱ्यांचा म्होरक्या! प्रुइट कुठल्या गाडीने गेला कुणी पाहिलं नाही. मधल्या चाकावर सही करायला तो आलाच नव्हता. ज्याने माल विकला तो शहाणा निघाला. सोडत कधी झाली नाही, हॉलचा पाया तणाने भरला, आणि गोधडी ऑर्फाच्या देवदारी पेटीत राहिली.

आणि मग एकेकजण यायला लागला. मागच्या दाराने.

पहिले आले रेव्हरंड लुट्झ. त्यांना मोठ्या चर्चवर बदली हवी होती. "बाई, तेवढं नाव उसवता येईल का? आपला उत्साह जरा... तुम्हाला कळतंय ना."

ऑर्फाने उसवलं. दोरा निघाला, खाली जांभळी सही तशीच. तिने साबण लावला. ओल लागली तशी पेन्सिल फुलली आणि रेव्हरंडांची सही कापडावर पूर्वीपेक्षा ठसठशीत उठून आली.

"घासा ना जरा," रेव्हरंड कासावीस झाले.

"घासते आहे. जितकं घासावं तितकं वर येतंय."

औषधवाला आला, कोठारमालक आला. व्हर्ना आली आणि म्हणाली, "मी कधी मनापासून नव्हतेच ग त्यात. तुला तर ठाऊकच आहे."

"तूच पेन्सिल आणली होतीस, व्हर्ना."

"मग जाळून टाक ती गोधडी!"

शेवटी एका संध्याकाळी जेवताना एमरीने बशीतल्या नूडल्स ढवळत विचारलं, "माझं नाव जमेल का काढायला?" ऑर्फाने त्याच्याकडे पाहिलं. मग इनाकडे. पोर तोंड मिटून पाव खात होती. दोन वर्षांत त्या टेबलावर तिने एक पूर्ण वाक्य उच्चारलं नव्हतं.

"नाही," ऑर्फा म्हणाली. "आता कुणाचंच नाही." आणि उसवलेली तीन नावं तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून टाकली. तेव्हापासून गावाने तिला शिवणकाम देणं बंद केलं. बहिष्कार कसा टाकायचा ते सगळे आता शिकलेले होतेच.

सव्वीसच्या मे महिन्यात ती गोधडी कागदात बांधून ट्रॉलीने फोर्ट वेन शहरात गेली. डेव्हलिनबाई तिथे नन्सच्या शाळेत शिकवत होत्या. वर्ग सुटला होता. ऑर्फाने बाकांवर गोधडी पसरली.

"ही सगळी नावं, बाई. एकशे चौतीस. तुम्हाला घालवणारे. वकिलाला द्या, वर्तमानपत्राला द्या, तुम्हाला हवं ते करा."

बाईंनी चष्मा लावला आणि सावकाश एकेक नाव वाचलं. त्यातल्या तरुण काहीजणांना त्यांनीच अक्षरं गिरवायला शिकवली होती. कुणाचा 'आर' अजून वाकडा आहे हे पाहून त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. मग त्या थांबल्या.

"तुमचं कुठे आहे?"

"माझं नाही. मी शाखेत नव्हते. मी फक्त भरत होते."

बाईंनी मधल्या रिकाम्या चाकावर बोट ठेवलं. "हे कुणासाठी?"

"प्रुइटसाठी. तो आला नाही."

बाहेर अंगणात मुली दोरीवरच्या उड्या मोजत होत्या. ऑर्फा म्हणाली, "बाई, ती गोष्ट माझ्याच तोंडून निघाली. तळघरात. आणि त्या दिवशी मला ठाऊक होतं. टेबलावरचं कापड उचलून मी पाहिलं होतं. मला सगळं ठाऊक होतं." बोलताना तिला हुंदका आला आणि वाक्य तुटलं. बाईंनी सवयीने हात वर केला, वर्गात करत तसा. थांब. श्वास घे. ऑर्फाने श्वास घेतला आणि वाक्य पुरं केलं. "आणि मी भ्याले."

"इना वाचते का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

तेव्हा मात्र बाईंनी तोंड फिरवलं. मग त्या म्हणाल्या, "तिला शनिवारी पाठवा. ट्रॉली आहेच. मी तुम्हाला माफ केलं असं म्हणणार नाही, टीगार्डनबाई. ते माझ्याने होत नाही. आणि ही गोधडी घेऊन जा. मी कशाला सांभाळू? ज्यांची आहे त्यांच्या गावात राहू दे." मग टेबलाच्या खणातून त्यांनी एक जांभळी पेन्सिल काढली, टोक पाहिलं आणि ऑर्फाच्या पुढे ठेवली.

ऑर्फाने मधल्या चाकावर सही केली. परतीच्या ट्रॉलीत सगळ्या प्रवाशांसमोर गोधडी मांडीवर घेऊन ती लाल दोरा भरत आली. गाडीच्या हिसक्यांनी टाके वाकडे पडले. ते तिने कधी उसवले नाहीत.

त्रेपन्न साली ऑर्फा गेली. इना तोवर जिल्ह्याच्या ग्रंथालयात कामाला लागली होती, शनिवारच्या ट्रॉलीचा तो परिणाम. पुढच्या वसंतात एका रविवारी दुपारी तिने गोधडी ग्रंथालयाच्या भिंतीवर टांगली आणि जाहीर केलं की नावं वाचणार आहे. हॉल भरला. पुष्कळजण आपला बाप, आपली आजी त्यात नसेल या आशेने आले होते. व्हर्नाचा मुलगा दाराशीच ओरडला, "मेलेल्या माणसांची धुणी कशाला धुतेस, इना?"

"धुतली की जांभळी होतात, म-म-माहीत आहे ना तुला," इना म्हणाली. एकदोघे हसले.

तिने एकशे चौतीस नावं वाचली. एमरी टीगार्डन हेही, मधेच, बाकीच्यांसारखंच. अडकली तिथे थांबली. शेवटी ती मधल्या चाकाशी आली, आणि तिथे तिचा आवाज बंद पडला. ओठ हलत होते, नाव येत नव्हतं. पहिल्या रांगेतल्या एका बाईला दया आली. ती हळूच म्हणाली, "राहू दे ग पोरी. नुसतं 'आई' म्हण. आम्हाला कळेल."

इनाने मान हलवली. ती थांबली, तिने श्वास घेतला, आणि गोधडीवर जे लिहिलं होतं तेच म्हटलं, "ऑर्फा टीगार्डन."